रिकामी पिकअप चढावर का घसरते?

जुलै-ऑगस्टच्या दिवसांत पनवेल परिसरात फिरताना एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. भाजीने, विटांनी किंवा सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली पिकअप एखादा ओला, चिखलाने माखलेला चढ कुरकुरत का होईना, पण चढून जाते. तीच गाडी माल उतरवून रिकामी परत येते, आणि तसल्याच चढावर तिची मागची चाके गरागरा फिरू लागतात. इंजिन ओरडते, चिखल मागे उडतो, हौदा धाडधाड उडतो आणि गाडी जागच्या जागी राहते. कधी कधी तर मागचा भाग हळूच रस्त्याच्या कडेकडे सरकू लागतो.

साधा विचार करणाऱ्याला हे उलटेच वाटते. ओझे असताना चढणे अवघड आणि ओझे नसताना सोपे असायला हवे. माणूस, बैल आणि हमाल यांच्या बाबतीत तसेच घडते. मग पिकअपलाच काय होते? आणि गाडीचे मालक त्यावर जे उपाय करतात, म्हणजे पाटे वाढवणे, हौदा उंच करणे, रुंद टायर बसवणे, त्यांतले कोणते भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरतात? प्रश्न केवळ बुद्धीला खाद्य म्हणून महत्त्वाचा नाही. माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीकडे किंवा प्रबळगडाखालच्या ठाकूरवाडीकडे जाणाऱ्या वाटांसारख्या रस्त्यांवर वळणाच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो. तेथे मागच्या चाकांची पकड सुटणे म्हणजे चालकाच्या आणि गाडीतल्या सर्वांच्या जिवाशी गाठ असते.

गाडीला पुढे कोण ढकलते?

इंजिन गाडीला पुढे ढकलते, असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. इंजिन फक्त चाक फिरवते. चाक जमिनीला मागे ढकलते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन चाकाला पुढे ढकलते. गाडीला पुढे नेणारे बल जमिनीकडून येते, आणि ते येते घर्षणातून. शेवाळलेल्या फरशीवर धावायला लागलेला मुलगा जागच्या जागी पाय हलवतो, तसेच घर्षण नसेल तर शंभर अश्वशक्तीचे इंजिनही गाडीला वीतभर हलवू शकत नाही.

हे घर्षण किती मिळेल? फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ यांनी १६९९ साली मांडलेला नियम तुम्ही शाळेत शिकता: घर्षणाचे कमाल बल पृष्ठभाग एकमेकांवर जेवढ्या बलाने दाबले जातात त्याच्या प्रमाणात असते. या प्रमाणाला आपण घर्षणांक म्हणतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७ किंवा त्याहून अधिक असतो. चिखलाच्या पातळ थरावर तो ०.३ किंवा त्याहूनही खाली येतो. रबर हा पदार्थ या नियमाला अगदी काटेकोरपणे बांधलेला नाही, पण आपल्या हिशेबाला तो पुरेसा आहे.

येथे एक शब्द लक्षात ठेवा: दाब फक्त चालत्या चाकांवरचा मोजायचा, म्हणजे ज्या चाकांना इंजिनाचे बल पोचते त्यांच्यावरचा. महिंद्रची बोलेरो पिकअप किंवा २००५ साली बाजारात आलेला आणि लोकांनी ज्याला ‘छोटा हाथी’ असे नाव दिले तो टाटा एस, अशा गाड्यांत इंजिन पुढच्या बाजूला असते, पण बल पोचते मागच्या चाकांना. चारही चाकांना बल पोचवणाऱ्या पिकअपही असतात. पण मालवाहतुकीतल्या बहुतेक गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्याच.

आता हिशेब करू या

हिशेबासाठी आपण सोयीचे आकडे घेऊ. समजा, रिकाम्या पिकअपचे वजन १५०० किलोग्रॅम-भार आहे. एक किलोग्रॅम-भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. इंजिन आणि चालक पुढे असल्याने पुढच्या चाकांवर ९०० आणि मागच्या चाकांवर ६०० किलोग्रॅम-भार येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ३ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर. चढ १० ला १, म्हणजे दहा मीटर गेल्यावर एक मीटर वर. चिखलाचा घर्षणांक ०.३.

गाडीला किती बल हवे? चढावर वजनाचा दहावा हिस्सा गाडीला मागे ओढतो: १५० किलोग्रॅम-भार. चिखलात रुतणाऱ्या चाकांना होणारा विरोध वजनाच्या ५ टक्के धरू: ७५ किलोग्रॅम-भार. एकूण गरज २२५.

मिळते किती? सपाटीवर मागच्या चाकांवर ६०० आहेत. चढावर गाडी मागे कलते, त्यामुळे थोडा भार पुढून मागे सरकतो. मागे ओढणाऱ्या १५० च्या बलाला गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणून चाकांतील अंतराने भागले, की हा सरकलेला भार मिळतो: १५० × ०.७ ÷ ३ = ३५. म्हणजे मागच्या चाकांवर ६३५ झाले. त्याच्या ०.३ पट, म्हणजे १९० किलोग्रॅम-भार. गरज २२५ ची आणि मिळकत १९० ची! घर जसे अशा जमाखर्चावर चालत नाही, तशी गाडीही चालत नाही. चाके फिरणार, गाडी चढणार नाही.

आता हौद्यात १००० किलोग्रॅम माल भरा. हौदा मागच्या चाकांवरच असल्याने त्यातले ९०० मागच्या चाकांवर आणि फक्त १०० पुढच्या चाकांवर गेले असे समजू. एकूण वजन २५००. गरज त्याच्या १५ टक्के, म्हणजे ३७५. मागच्या चाकांवर १५००, मिळकत ४५०. चढामुळे सरकणारा भार मोजलाच नाही, तरीही गाडी चढते.

कोडे सुटले. मालाचा प्रत्येक किलो गाडीची गरज ०.१५ ने वाढवतो, पण तो मागच्या चाकांवर बसला तर मिळकत ०.३ ने वाढवतो. पिकअपचे ओझे हेच तिच्या पायांतले बळ आहे.

पण सावधान! हा व्यवहार नेहमीच फायद्याचा नसतो. चढ ४ ला १ असेल तर गरज २५ अधिक ५, म्हणजे वजनाच्या ३० टक्के होते. घर्षणांकही ०.३ च आहे. आता प्रत्येक किलो जेवढे देतो तेवढेच खातो. त्याहून तीव्र चढावर तर तो देतो त्याहून अधिक खातो. तेथे मागे कितीही वजन टाका, गाडी चढणार नाही.

बोरघाटाने दिलेला धडा

ही अडचण पिकअपने आणलेली नाही. पनवेलहून कर्जतला गेलात तर तिचा फार जुना भाऊबंद तुम्हांला रेल्वेत भेटेल. बोरघाटातून १८६३ साली सुरू झालेल्या लोहमार्गाचा चढ ३७ ला १ इतका आहे. मोटारीच्या मानाने हा चढ किरकोळ. पण पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातील घर्षण रबर आणि डांबर यांच्या मानाने कमी, आणि मागे ओढायची गाडी प्रचंड. घाट चढताना अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांचे काम केवळ शक्ती वाढवणे एवढेच नाही. चालत्या चाकांवरचा एकूण भार वाढवणे हेही आहे. म्हणूनच मालगाडीचे इंजिन मुद्दाम जड बांधतात आणि त्याच्या सर्व चाकांना बल पोचवतात. रूळ ओले असले तर इंजिनातून चाकांपुढे वाळू सोडतात. ती घर्षणांक वाढवते. चालत्या चाकांवर भार आणि चाकाखाली घर्षण, या दोन गोष्टींवरच या घाटातली रेल्वेही चढते.

पिकअपच्या बाबतीत मात्र एक जादा प्रश्न उभा राहतो. रूळ गुळगुळीत असतात, रस्ता तसा नसतो. मागच्या चाकांवर ६०० किलोग्रॅम-भार आहे, हे आपण गाडी काट्यावर उभी असताना म्हणतो. खड्ड्याखळग्यांतून जाताना तो तेवढा राहतो का? येथे पाट्यांचा संबंध येतो.

पाट्याचे खरे काम

पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना लांब, किंचित वाकलेल्या पोलादी पट्ट्यांचा एकेक जुडगा यू-बोल्टने आवळलेला असतो. गॅरेजमध्ये त्यांना पाटे म्हणतात. पूर्वीच्या टांग्यांनाही असेच पाटे असत. एकच जाड पट्टी न घालता अनेक पातळ पट्ट्या का घालतात? पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. दुप्पट जाडीची एक पट्टी आठपट ताठर होते. पण एकमेकींवर मोकळ्या ठेवलेल्या दोन पट्ट्या फक्त दुप्पट ताठर होतात. त्यामुळे जुडगा भार पेलतो आणि न मोडता पुष्कळ वाकतोही. शिवाय वाकताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे थोडेफार शमतात.

पाट्याचे काम काय, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, ‘धक्के कमी करणे’. ते अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे असे: चाकाला जमिनीवर दाबून धरणे. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा पाटा पसरतो आणि चाकाला खाली ढकलत राहतो. तो जितका लवचीक तितके हे ढकलणे टिकते.

पुन्हा आकडे घेऊ. रिकाम्या गाडीच्या मागच्या एका चाकावर ३०० किलोग्रॅम-भार आहे. त्यातले ७५ हे चाकाचे आणि अर्ध्या ॲक्सलचे स्वतःचे वजन; ते पाट्याच्या खाली आहे. उरलेले २२५ पाट्यातून येतात. समजा, पाटा दर मिलिमीटरला ४ किलोग्रॅम-भार या प्रमाणात दबतो. चाक ५० मिलिमीटर खोल खड्ड्यात उतरले आणि तेवढ्या क्षणात हौदा खाली आला नाही, तर पाट्याचे बल ५० × ४ = २०० ने कमी होईल. चाकावर उरतील १००. म्हणजे पकड एक तृतीयांश झाली, पण आहे.

आता मालकाने दोन पाटे वाढवले. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पहिल्या पाट्यांवर एक टन मालाने हौदा सुमारे ११२ मिलिमीटर खाली बसत होता, आता तो ७५ मिलिमीटरच बसतो. गाडी ‘दबत नाही’. ताठरपणा मात्र दर मिलिमीटरला ४ वरून ६ झाला. त्याच खड्ड्यात बल ५० × ६ = ३०० ने कमी होईल. चाकावर उरले शून्य! चाक हवेत लोंबकळत आहे आणि इंजिन त्याला फिरवत आहे. चाक पुन्हा जमिनीला लागते तेव्हा ते भलत्याच वेगाने फिरत असते. घसरत्या पृष्ठभागांतील घर्षण बहुधा स्थिर पृष्ठभागांतील घर्षणापेक्षा कमी असते. म्हणून एकदा सुटलेले चाक लवकर सावरत नाही.

भरलेल्या गाडीत हेच चाक ७५० किलोग्रॅम-भार वाहत असते. खड्ड्यात त्यातले २०० गेले काय आणि ३०० गेले काय, पुष्कळ उरतात. म्हणून वाढवलेल्या पाट्यांचा दोष माल असताना जाणवत नाही. तो रिकाम्या फेरीत उघडा पडतो. आपले आकडे सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात टायरही थोडा दबतो-फुगतो आणि हौदाही हलतो. पण निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

उडणारे चाक

मागचे चाक कधी कधी नुसते फिरत नाही, तर धडधडत उड्या मारते. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण अनुनाद. खाली टायर आणि वर पाटा, अशा दोन स्प्रिंगांमध्ये चाक अडकलेले असते. त्याची वर-खाली होण्याची स्वाभाविक वारंवारता बहुतेक गाड्यांत सेकंदाला सुमारे १० इतकी असते. कच्च्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे पडलेले तुम्ही पाहिले असतील. दोन उंचवट्यांत अर्धा मीटर अंतर असेल आणि गाडी ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर चाकाला सेकंदाला नेमके १० धक्के बसतील. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढतच जातो, तसे चाकाचे उडणे वाढते. ते शमवण्याचे काम शॉकअबसॉर्बर करतो. त्याच्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते. गळका, तेल संपलेला शॉकअबसॉर्बर बदलल्यावाचून पाट्यांवर केलेला खर्च वाया जातो.

दुसरे कारण अधिक मजेचे आहे. इंजिन चाकाला पुढच्या दिशेने पिळते. म्हणून न्यूटनचाच तिसरा नियम ॲक्सलच्या कवचाला उलट दिशेने पिळतो. या कवचाला गॅरेजमध्ये हाउसिंग म्हणतात. हाउसिंगला धरून ठेवणारे काय असते? बहुतेक पिकअपमध्ये फक्त पाटे. मघाच्या भरलेल्या गाडीला ३७५ किलोग्रॅम-भार बल हवे होते. टायरची त्रिज्या ०.३३ मीटर धरली तर हाउसिंगवर सुमारे १२४ किलोग्रॅम-भार मीटर इतके आघूर्ण येते. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १२४ किलोचे पोते टांगल्यावर जो पीळ पडेल, तेवढा हा पीळ! त्याने हाउसिंगचे नाक वर उचलले जाते आणि पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो. चाक सुटले की पीळ नाहीसा होतो आणि पाटा झटकन सरळ होतो; त्या झटक्याने चाक पुन्हा पकड घेते, पुन्हा पीळ पडतो, पुन्हा सुटते. दाराची गंजलेली बिजागरी कुरकुरते ती याच तत्त्वाने. पिकअपमध्ये मात्र या कुरकुरीत यू-बोल्ट ढिले होतात आणि पाटे मोडतात.

यावर उपाय म्हणून परदेशांत शर्यतीच्या आणि सुधारून घेतलेल्या पिकअपना एक दांडा बसवतात. त्याचे एक टोक हाउसिंगला आणि दुसरे पुढे चासीला जोडलेले असते. हाउसिंग फिरू लागले की दांडा त्याला अडवतो. मात्र दांडा दोन्ही टोकांना घट्ट वेल्ड केला, तर पाट्याला वर-खाली व्हायलाच जागा राहत नाही. म्हणून जोडावर बुश आणि झुलती कडी लागते. हे भान न ठेवता बसवलेला दांडा चाकाला जमिनीवरून उचलण्याचेच काम करील.

येथे एक गैरसमज दूर करू या. असा दांडा ‘चाकांवरचा भार वाढवतो’ असे म्हणतात. एकसारख्या वेगाने चढताना मागच्या चाकांवर किती भार येईल, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची जागा, चाकांतील अंतर आणि चढ यांवरच ठरते. मघाचे ६३५ कोणत्याही दांड्याने ६४० होणार नाहीत. दांडा भार निर्माण करीत नाही. असलेला भार उड्या मारण्यात वाया जाऊ देत नाही.

डिफरन्शियलची समान वाटणी

आणखी एक भागीदार आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवतात. १८२७ साली फ्रान्समध्ये पेकर यांनी अशा योजनेचे पेटंट घेतले होते. हे यंत्र दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण पीळ मात्र सारखाच वाटते. एक चाक घट्ट डांबरावर आहे आणि १८० किलोग्रॅम-भार देऊ शकते. दुसरे निसरड्या शेवाळावर आहे आणि ३० च देऊ शकते. दोहोंची बेरीज २१० होईल का? नाही. दुबळ्या चाकाने ३० घेतले की सबळ चाकालाही ३० च मिळतात. एकूण ६०! म्हणून एक चाक खड्ड्यावर लोंबकळले की दुसरे चांगल्या जमिनीवर असूनही गाडी अडते. काही गाड्यांत डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असते. तेव्हा दोन्ही चाके एकत्र फिरतात.

मग करावे काय?

आता उपाय एकेक करून तपासू.

पाटे वाढवणे: रिकाम्या गाडीची पकड कमी होते, हे आपण पाहिले. त्यापेक्षा मदतनीस पाट्याची योजना शहाणपणाची. हा जादा पाटा हौदा बराच दबल्यावरच टेकतो. म्हणजे रिकाम्या गाडीला मऊ स्प्रिंग आणि भरलेल्या गाडीला ताठर. अनेक कंपन्या तो मुळातच देतात.

हौदा उचलणे: पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालून गाडी दहा सेंटिमीटर उंच केली, तर आपल्या चढावर मागच्या चाकांवर फक्त ५ किलोग्रॅम-भार अधिक येईल. त्या बदल्यात वळणावर गाडी उलटण्याची भीती वाढते आणि पाट्यावरचा पीळही वाढतो. हा सौदा तोट्याचा आहे.

रुंद टायर: आमाँताँच्या नियमात क्षेत्रफळाला जागाच नाही. ओल्या रस्त्यावर महत्त्व आहे ते टायरच्या खाचांना. त्या पाणी आणि चिखल बाहेर काढतात. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलायलाच हवा. टायरमधील हवाही कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली, तेवढीच ठेवावी. भरलेल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत ठेवली तर टायर दगडासारखा कडक होतो आणि चाक अधिक उडते.

वाळूची पोती: मघाच्या रिकाम्या गाडीला ३५ किलोग्रॅम-भार कमी पडत होते. मागच्या चाकांवर ठेवलेला प्रत्येक किलो ०.३ देतो आणि ०.१५ खातो, निव्वळ ०.१५ उरतात. ३५ ला ०.१५ ने भागा: सुमारे २३५ किलो. एवढी वाळू बरोबर ॲक्सलच्या वर, घट्ट बांधून ठेवावी. ती हौद्याच्या अगदी टोकाला ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होईल. न बांधलेले पोते वळणावर सरकते. शिवाय वाळू डिझेल खाते आणि ब्रेकचे काम वाढवते. म्हणून ती फक्त पावसाळ्यापुरती. अडलेल्या चाकापुढे टाकायलाही तीच वाळू उपयोगी पडते.

काही ठिकाणी वाळूऐवजी चार माणसांना हौद्यात मागे उभे करतात. हिशेबाला माणूस आणि पोते सारखेच, पण पोते उलटलेल्या गाडीखाली सापडले तर रडणारे कोणी नसते. हौद्यात माणसे बसवणे कायद्यालाही मान्य नाही, आणि पकड वाढवण्यासाठी तर ते कधीच करू नये.

पाट्यांची निगा: पट्ट्यांमध्ये गंज आणि चिखल बसला की त्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि जुडगा एकाच जाड पट्टीसारखा वागू लागतो. पावसाळ्याआधी ते साफ करून त्यांना ग्रीस देणे आणि यू-बोल्ट आवळणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मोडलेला पाटा वेल्ड मात्र करू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते.

चालवण्याची रीत: खालच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पीळ घर्षणाच्या मर्यादेपलीकडे जातो. हळू, एकसारखा वेग ठेवणे चांगले. घर्षण हे एकाच खिशातले पैसे आहेत. ते गाडी पुढे ढकलण्यात सगळे खर्च झाले, तर वळणावर गाडीला आडवे सरकण्यापासून रोखायला काहीच उरत नाही. घाटातल्या वळणावर गरागरा फिरणारे चाक म्हणूनच अधिक घातक असते.

शेवटी, गाडीत मोठा फेरफार करण्यापूर्वी एक लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांत बदल होईल असा फेरफार करता येत नाही. तपशील कागदावरचे असले, तरी त्यांच्यामागे आपण वर केला तसलाच, पण कितीतरी अधिक काळजीने केलेला हिशेब असतो.

करून पाहा

१. लाकडी फळीवर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा चिकटवलेला ठोकळा ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच त्या टोकाची उंची मोजा आणि तिला पायाच्या आडव्या अंतराने भागा. हाच घर्षणांक. फळी कोरडी, ओली आणि चिखल लावलेली असताना तीन आकडे काढा. ठोकळ्यावर वजन ठेवून पुन्हा पाहा. कोन बदलतो का? बदलत नसेल तर का, ते हिशेबाने सांगा.

२. पुठ्ठ्याच्या सारख्या चार पट्ट्या कापा. दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवा. उरलेल्या दोन खळीने पूर्ण चिकटवून वाळवा. दोन पुस्तकांवर टोके टेकवून मध्ये सारखेच वजन ठेवा आणि दोन्ही जोड्या किती वाकतात ते मोजा. चिकटवलेली जोडी मोकळ्या जोडीच्या साधारण चौथा हिस्सा वाकायला हवी. गंजलेल्या पाट्याचे काय होते ते तुम्हांला हातांनी कळेल.

३. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीसाठी वरचाच हिशेब मांडा: पुढे ९००, मागे ६००, चढ आणि चिखल तोच. ती चढेल का? आणि चढ ६ ला १ असेल तर?

शिक्षकांनी तिसरे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. जवळच्या गॅरेजमध्ये पाट्यांचे काम चालू असेल, तर कारागिराच्या परवानगीने मुलांना ते जरूर दाखवावे. घर्षण, न्यूटनचा तिसरा नियम, स्प्रिंग आणि अनुनाद हे चार धडे तेथे एकाच ॲक्सलवर बसलेले सापडतील.